छातीतलं बटण

हे बघा, सांगतो, पण एक अट आहे. मी सांगेन तेव्हाच हसायचं. आणि ढापण्या, तू तर अजिबात हसायचं नाहीस, कारण माझी सायकल महिनाभर तुझ्याकडे का पडून आहे ते तुला आत्ता कळणार आहे.

तर आमचा गाद्यांचा कारखाना तुम्हाला माहितीच आहे. कारखाना म्हणजे काय, खाली एक लांबलचक खोली, तिच्यात कापूस पिंजायचं मशीन, मागे खोळी शिवायची छोटी खोली, आणि वर आम्ही राहतो. बाबा गाद्या भरतात, आत्या खोळी शिवते. आई बसवर कंडक्टर आहे, त्यामुळे तिचा कारखान्याशी संबंध फक्त घरात कापूस आला की ओरडण्यापुरता. आणि मी तपासनीस. हे नाव आत्यानं ठेवलंय, पण काम खरं आहे हां. गादी भरून झाली, टाके पडले, की मी शाळेतून आल्यावर बनियनवर उभा राहतो, डोळे मिटतो आणि दोन्ही तळवे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो. कुठे कापसाचा गोळा राहिला असेल तर हाताला लगेच कळतो. मग गादीवर पालथं पडायचं, हात पसरून, सगळं अंग टाकून, कारण हाताला जे चुकून कळत नाही ते छातीला आणि पोटाला कळतं. बाबांना पंचवीस वर्षं झाली या धंद्यात, पण माझ्याइतका हात त्यांचापण चालत नाही. हे मी नाही म्हणत, ते स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात, आणि मी समोर असलो की मुद्दाम दुसरीकडे बघून सांगतात.

आणि गोळा सापडला की काय करायचं, तेही सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. लहान गोळा असेल तर बाहेरूनच दोन बोटांत धरायचा, चोळायचा, मळायचा, वरून बारीक काठीनं टपटप हाणायचं. कापूस मोकळा होतो, विषय संपला. मोठा असेल, नाहीच सुटला, तर बाबा एकच शब्द बोलतात, "उसवा." मग टाके कापायचे, खोळ उघडायची आणि आतलं सगळं बाहेर.

तर मागच्या महिन्यात एक दिवस मी खोळींचा गठ्ठा खांद्यावर टाकून जिना चढत होतो आणि गठ्ठ्याचा कोपरा माझ्या छातीला लागला. डाव्या बाजूला. लागला म्हणजे नुसता टेकला रे, पण मी असा कळवळलो की गठ्ठा तीन पायऱ्या खाली. मला वाटलं काहीतरी टोचलं. शर्ट वर करून बघितलं तर काहीच नाही. मग बाथरूममध्ये गेलो, कडी लावली आणि आपलं नेहमीचंच काम केलं. डोळे मिटले आणि तळवा फिरवला.

होती. बरोबर छातीच्या टोकाखाली, आत. शर्टाच्या बटणाएवढी, चपटी, कडक. सरकवली तर किंचित सरकायची, दाबली तर डोळ्यांपुढे काजवे. उजवीकडे तपासलं, तिथं काही नाही, नेहमीसारखं सपाट मैदान. परत डावीकडे. होतीच.

हसा आता, हसायला हरकत नाही. पण मी नाही हसलो, कारण तुम्हाला आत्याचं माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी आत्याला गाठ झाली होती. तिथेच, छातीत. ऑपरेशन झालं, एक बाजू काढूनच टाकली, मग ती औषधं, मग केस गेले, मग आले तेव्हा कुरळे आले, आणि आता ती ठणठणीत आहे, खोळी शिवते, माझ्यावर खेकसते, सगळं करते. त्या रिकाम्या बाजूला घालायला तिनं स्वतःच एक छोटी उशी शिवलीये, आमच्याच कापसाची, आणि वजन बरोबर यावं म्हणून आत मणी घातलेत. कोणी कौतुक केलं की म्हणते, "घरचा माल आहे, तक्रार करायची तर कोणाकडे?" अशी आहे आत्या. पण ती दोन वर्षं घर कसं होतं ते मी बघितलंय. बाबा मशीन चालू करून मशीनच्या आवाजात रडायचे, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आई ड्यूटीवरून थेट हॉस्पिटलात जायची. आणि तेव्हापासून आमच्या घरात 'गाठ' हा शब्द कोणी उच्चारत नाही. दोरा गुंतला तरी आई म्हणते "दोऱ्याला ते झालंय."

आणि आता 'ते' मला झालं होतं. माझं डोकं असं चाललं, की आत्या बाबांची बहीण, म्हणजे रक्तात आहे. तिला झालं, मला झालं. सरळ हिशोब. मुलग्यांना होत नसेल असं एकदा वाटलं, पण मग वाटलं, नसेलच होत तर हे काय आहे?

सांगायचं कोणाला? बाबांना सांगितलं की मशीन सुरू. आईला गुपित सांगणं म्हणजे बसमध्ये थांबा पुकारणं, मागच्या सीटपर्यंत ऐकू जातं. आणि आत्याला तर सांगूच शकत नव्हतो. तिला कसं सांगायचं, की अगं, ते परत आलंय आपल्या घरात?

मग मी काय केलं असेल? मी तपासनीस ना. मी ठरवलं, लहान गोळा आहे, बाहेरूनच सोडवू.

हो रे. खरंच. रोज सकाळी बाथरूममध्ये कडी लावून दोन बोटांत धरायचो आणि मळायचो. दात-ओठ खाऊन. पहिल्या दिवशी शंभर वेळा, दुसऱ्या दिवशी दोनशे. गरम पाण्याचा शेक दिला. चौथ्या दिवशी फूटपट्टीनं टपटप... लंबू, तू पड खाली हसून, पड. मला तेव्हा आईशप्पथ वाटत होतं की सुटतंय. आणि पाचव्या दिवशी बघतो तर बटणाचं मोठ्या कोटाचं बटण झालेलं, वर लाल, फुगलेलं, आणि बनियनचा कपडा घासला तरी जीव जायचा. तेव्हा माझ्या डोक्यात बाबांचा आवाज आला. "नाहीच सुटला तर उसवा."

मी बाथरूमच्या फरशीवर बसलो तो बसलोच. आई बाहेरून ओरडतेय, "आत कायमचा राहायला गेलास का?" आणि मी नुसता नळ सोडून ठेवला.

त्यानंतर मळणं आणि फूटपट्टी चालूच, शिवाय दोन बनियन आणि वर शर्ट. या उन्हाळ्यात. तुम्ही विचारत होतात ना, पोहायला का येत नाही, तर म्हणून. कान दुखतो म्हणून सांगितलं होतं, कान ठीक आहे माझा. आणि ढापण्या, सायकल मी तुला म्हणून दिली. म्हटलं आपलं काही खरं नाही, निदान सायकल चांगल्या हातात जावी. चांगल्या हातात म्हणजे तू घंटी तोडलीस तो भाग वेगळा.

आता घोटाळा कसा उघड झाला ते ऐका.

पालथं पडायचं मी बंद केलं होतं. पडूच शकत नव्हतो. मग नुसते हात फिरवायचो, तेही कसेबसे, लक्ष सगळं छातीकडे, आणि म्हणायचो "झाली." बाबांचा माझ्यावर विश्वास, ते गादी गुंडाळायचे आणि पाठवायचे. आणि एका दुपारी कोपऱ्यावरचे केशकर्तनकाका दारात उभे. डोक्यावर गादी. घामाघूम. त्यांनी ती धप्पकन आमच्यासमोर टाकली आणि बाबांना म्हणाले,

"काय हो, यात कापूस भरलाय का बटाटे?"

बाबा म्हणाले, "काय झालं?"

"काय झालं? दिवसभर उभं राहून लोकांची डोकी भादरतो, रात्री जरा पाठ टेकावी म्हटलं तर तुमची गादी मलाच टोचे मारते. बायको म्हणते, तुम्ही कुशीवर झोपा. कुशीवर झोपलो तर बरगडीत बटाटा. झोपा तुम्हीच."

बाबांनी हात फिरवला. एक गोळा. दुसरा. तिसरा. तीन! आमच्या कारखान्यातून तीन गोळ्यांची गादी बाहेर गेली, आणि तपासली होती मी. बाबांनी काकांना दुसरी गादी दिली, माफी मागितली, वर स्वतः उचलून त्यांच्या घरी पोचवायला निघाले. जाता जाता माझ्याकडे नुसतं बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं रे. नुसतं बघितलं, म्हणजे कसं, की तू आजारी आहेस की लबाड, ते मला कळत नाहीये, असं.

ते गेले आणि मागच्या खोलीतून आत्याचं शिलाई मशीन थांबलं.

"तपासनीस, इकडे ये."

गेलो. आत्या खोळीच्या ढिगामागे बसलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात दोरा.

"दोन आठवडे झाले, तू गादीवर पडत नाहीयेस."

"पडतो की."

"माझ्या दारातून सरळ दिसतं. नाही पडत. आणि दोन बनियन घालतोस, वाळत घालताना मोजतेय मी. काय मारामारी केलीस? बरगडी मोडली?"

"नाही."

"मग?"

मी खोळींचे काठ मोजायला लागलो. ती थांबली. आत्याचं हेच वाईट आहे, बाकीचे मोठे लोक गप्प बसल्यावर पुढचा प्रश्न विचारतात, ही बसूनच राहते. शेवटी मीच बोललो, आणि बोललो ते एका दमात, "आत्या, मला पण झालंय, तुला झालं होतं ते, डावीकडे, मी सोडवायचा प्रयत्न केला पण मोठं झालं, बाबांना सांगू नको ना."

आत्याच्या तोंडातला दोरा पडला. चेहरा असा झाला, जसा पिंजल्यावर कापूस, रंगच नाही. मग तिनं हात पुढे केला, माझ्या छातीपर्यंत आणला आणि तिथेच मागे घेतला. हात लावला नाही तिनं. मला त्या क्षणी खात्रीच पटली.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"डॉक्टरकडे. आत्ता."

"बाबा..."

"बाबाला मी बघते. चपला घाल."

मशीनमध्ये खोळ तशीच अर्धी, सुई कापडात रुतलेली, आणि आम्ही निघालो. आत्या एरवी रस्त्यात प्रत्येकाशी बोलते, फळवाल्याशी, चांभाराशी, ओळख नसेल तर कुत्र्याशी. त्या दिवशी कोणाशीच नाही. माझं मनगट धरून चालत होती, मी चौदा वर्षांचा घोडा, आणि मी सोडवून घेतलं नाही.

दवाखान्यात बाकावर बसलो. पुढे एक बाळ आणि एक खोकणारे आजोबा. आत्या एकदम म्हणाली, "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"मी सात महिने कोणाला सांगितलं नव्हतं," ती समोरच्या भिंतीला सांगत होती. "वाटलं, बोललं नाही तर खरं होणार नाही. गाढवपणा. सात महिने. तू तीन आठवड्यांत बोललास. शहाणा आहेस माझ्यापेक्षा." आणि तिनं पदरानं नाक पुसलं. तेव्हा मला कळलं की आमच्या दोघांत जास्त घाबरलेली ती आहे. मग मीच तिला म्हटलं, "पाणी आणू का गं?" ती म्हणाली, "गप बस."

डॉक्टरबाई तरुणच होत्या, चष्म्याला दोरी. आत्यानं सगळं सांगितलं, स्वतःचंसुद्धा, आवाज न कापता. डॉक्टरबाईंनी मान हलवत ऐकलं, मग मला विचारलं, "आत्या इथे थांबलेल्या चालतील, की बाहेर बसू देत?" मी म्हटलं थांबू दे. मग त्यांनी हात धुतले, मला टेबलावर बसवलं, आणि दोन्ही बाजू तपासल्या, बोटांच्या टोकांनी, अगदी हलक्या. काखेत, मानेला पण बघितलं. आणि सांगतो तुम्हाला, काय हात होता! आमच्या कारखान्यात पाहिजे असा हात.

उंची मोजली, वजन केलं. काही गोळ्या-औषधं घेतोस का, टोकातून पाणी वगैरे येतं का, आवाज कधीपासून फुटला, हे सगळं विचारलं. आवाजाचं विचारल्यावर मी "दोन महिने" म्हणालो आणि 'दोन' जाड आणि 'महिने' बारीक निघालं, त्यामुळे पुढे काही सांगावंच लागलं नाही. मग त्या परत डावीकडे वळल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गाठीचं मला कळलं. पण हे लाल कशानं झालंय? आणि हे वळ?"

मी आत्याकडे बघितलं. आत्यानं माझ्याकडे.

"मी ते... सोडवत होतो."

"काय करत होतास?"

मग सांगितलं. गादी, गोळा, दोन बोटं, शंभर वेळा, दोनशे वेळा, शेक. फूटपट्टीपर्यंत आलो तेव्हा डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत की काय. आयला, म्हटलं, इतकं वाईट आहे? त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "सॉरी हं. हसायला नको होतं मी. पण आजपर्यंत फूटपट्टीनं मारलेली पहिलीच केस."

आत्या उभी राहिली. "हसताय म्हणजे...?"

"बसा, आत्या. काही नाही झालेलं त्याला. मोठा होतोय, बस."

आत्या बसली, पण खुर्चीच्या कडेवर.

मग त्यांनी कागद घेतला, पाठीमागच्या बाजूला चित्र काढलं आणि मला समजावलं. सगळं नाही लक्षात, पण जेवढं आहे तेवढं नीट ऐका, कारण हे आपल्याला कोणी सांगत नाही. बारा-तेरा-चौदाच्या आसपास अंगात काही रसायनं वाढतात, त्यांना संप्रेरकं म्हणतात, ती रक्तातून सगळीकडे फिरतात आणि प्रत्येक अवयवाला सांगत सुटतात, ऊठ, वाढ. त्यामुळेच आवाज, त्यामुळेच केस, घाम, पुटकुळ्या, पायाचा नंबर. मुलग्यांमध्ये एक संप्रेरक असतं आणि मुलींमध्ये दुसरं, असं मला वाटायचं. तर तसं नाही, दोघांमध्ये दोन्ही असतात, प्रमाण वेगळं. आणि या वयात ते प्रमाण काही दिवस वर-खाली होतं, अजून तराजू स्थिर झालेला नसतो. तेव्हा टोकाखाली असं चपटं बटण येतं. कधी एका बाजूला, कधी दोन्ही. दुखतं पण. निम्म्याहून जास्त मुलग्यांना येतं. निम्म्याहून जास्त! बघा एकमेकांकडे. बघा, बघा.

"आणि जातं का?" मी विचारलं.

"बहुतेकांचं सहा महिन्यांत, वर्षात, फार तर दोन वर्षांत आपोआप जातं. तू एकच करायचंस. हात लावायचा नाहीस. जितकं चोळशील तितकं सुजेल. ही जी सूज आहे ना, ती निम्मी तू स्वतः कमावलेली आहे."

"उसवायला लागणार नाही?"

"काय?"

"ऑपरेशन विचारतोय तो," आत्या म्हणाली.

"नाही रे बाबा. फारच राहिलं, फारच वाढलं तर पुढचं पुढे बघू. पण एकाच बाजूला दगडासारखं कडक होत गेलं, कातडी ओढल्यासारखी झाली, टोकातून काही यायला लागलं, किंवा खाली लघवीच्या जागी गोट्यांमध्ये कुठे गाठ लागली, तर त्याच दिवशी यायचं, बाथरूममध्ये कारखाना काढायचा नाही. आणि तीन महिन्यांनी मला एकदा दाखवून जा."

"नक्की ना?" आत्या म्हणाली.

"नक्की."

"म्हणजे माझं जे होतं, ते..."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या घरात तुमच्याशिवाय कोणाला होतं?"

"नाही."

"मग मोठा झाल्यावर कुठल्याही डॉक्टरला त्यानं तुमचं एकदा सांगून ठेवावं, तेवढं पुरे. आत्ता हे वेगळं आहे. अगदी वेगळं."

"नक्की ना?" आत्यानं परत विचारलं. डॉक्टरबाई परत नक्की म्हणाल्या. दारापर्यंत पोचल्यावर आत्या मागे वळली, आणि डॉक्टरबाई तिनं तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "नक्की!"

बाहेर आलो. ऊन होतं. आत्या पायरीवरच बसली. पाय पसरून, चपला काढून, लोक जातायत-येतायत आणि ही मधोमध. मी म्हटलं, "आत्या, उठ ना, लोक बघतायत." ती म्हणाली, "बघू देत. बसायचे पैसे नाहीत पडत." आणि मग ती हसायला लागली. "फूटपट्टी," म्हणायची आणि हसायची. "मेल्या, फूटपट्टी!" मला पण हसू आलं, आणि हसलो की छातीत दुखत होतं, आणि दुखलं तरी काही वाटत नव्हतं, हे मी तुम्हाला कसं सांगू? तेच दुखणं रे, सकाळचंच, पण आता ते नुसतं दुखत होतं. बाकी काही म्हणत नव्हतं.

मग तिनं आइस्क्रीम घेतलं, दोन-दोन, आणि मला म्हणाली, "आता गाठ म्हण."

"काय?"

"मोठ्यानं म्हण. तीन वर्षं तुम्ही सगळे माझ्यासमोर तोंडं शिवून बसलायत. मला काय वाटतं, मी काचेची आहे? तुमच्या त्या गप्प बसण्यापायी हा पोरगा तीन आठवडे मरत होता. म्हण."

"गाठ," मी म्हणालो.

"शाबास. खा आता, वितळतंय."

घरी आलो तर बाबा कारखान्याच्या दारात. गादी पोचवून आलेले, आणि आत कोणी नाही, मशीनमध्ये खोळ तशीच. त्यांचा चेहरा बघून मला एकदम वाईट वाटलं. आत्यानं तिथेच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. सुरुवात अशी केली, "हा ठणठणीत आहे, हे आधी ऐक, मग बाकीचं ऐक." तशी सांगते म्हणून मला आत्या आवडते. बाबांनी ऐकलं. मधे एकदा दाराला टेकले. डॉक्टरबाईंनी काढलेलं चित्र आत्यानं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सुलटं धरलं, उलटं धरलं आणि खूप वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, "टोकाखाली? चपटं?"

"हो."

"दाबलं की कळ जाते वरपर्यंत?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

बाबांनी आत्याकडे बघितलं, मग छताकडे, मग कापसाच्या ढिगाकडे. कान लाल झाले होते. "मला होतं," ते म्हणाले. "दोन्हीकडे."

"काय?" आत्या.

"नववीत."

"नववीत म्हणजे... तू वर्षभर छातीला खोळीचा पट्टा गुंडाळायचास तेव्हा? मला थंडी वाजते, मला थंडी वाजते म्हणून?"

"हो."

"आईनं तुला वर्षभर काढे पाजले! हळदीचं दूध! मी स्वतःच्या हातानं तुला स्वेटर विणला, बाळ्या!"

"मग काय सांगणार होतो तुला, ताई? तू तेव्हा मैत्रिणींना घेऊन बसायचीस दिवसभर!"

"आणि या पोराला तरी सांगायचंस! तुला माहीत होतं, हे येतं आणि जातं!"

"मला काय माहीत सगळ्यांना येतं?" बाबा एकदम म्हणाले. "मला वाटलं, मला एकट्यालाच झालं होतं."

आत्यानं हाताला लागली ती उशी उचलली आणि बाबांना हाणली. मग अजून एक. बाबा चुकवत नव्हते, नुसते उभे होते आणि हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी, आणि मशीन बंद होतं. मी बघत होतो. बाबा नववीत, छातीला पट्टा बांधून, भर उन्हात स्वेटर घालून. माझ्या दोन बनियनचं काहीच नाही त्यापुढे.

आत्या मग खोळ पूर्ण करायला आत गेली. बाबांनी कारखान्याचं अर्धं शटर खाली ओढलं. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून. धंद्याच्या वेळेत! ते माझ्यासमोर कापसाच्या ढिगावर बसले, हात गुडघ्यांवर, मला काहीतरी महत्त्वाचं विकायचंय अशा थाटात.

"तीन गोळ्यांच्या गादीचं," ते म्हणाले, "ते झालं, संपलं."

"हो."

"आणि अजून काही असेल... म्हणजे असं अंगातलं, काही नवीन, काही विचित्र वाटत असेल... तर विचार. मला."

मी म्हटलं, "अकरा आहेत."

"अकरा काय?"

"प्रश्न. वहीत लिहिलेत. मागच्या पानावर."

बाबांनी उठून शटर अजून वीतभर खाली ओढलं. मी वर जाऊन वही आणली आणि पहिला वाचला. त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की मी दोन महिने उगाच डोकं खाल्लं असं वाटलं. दुसऱ्याचं पण माहीत होतं. तिसऱ्याला ते माझ्यापेक्षा जास्त लाजले, पण सांगितलं, जमिनीकडे बघून, आणि शेवटी म्हणाले, "सगळ्यांना होतं. हे मला आज कळलंय, पण धरून चाल, सगळ्यांना होतं." चौथा ऐकला आणि त्यांनी डोकं खाजवलं.

"हे मला नाही माहीत."

"मग?"

"मग डॉक्टरबाईंना विचारू. तू आणि मी जाऊ. त्याच्यापुढे फुली मार, राहायला नको."

मी फुली मारली. ते उठले, शटरखालून वाकून समोरच्या टपरीवाल्याला ओरडले, "दोन चहा पाठव!" आणि परत येऊन बसले, नीट मांडी घालून.

"हं," म्हणाले. "पाचवा."